परतीच्या पावसानंतरचे गावचे घर: ओल, दव आणि दिवसभरातील कामांच्या वेळा

प्रश्न: ओसरी

नमस्कार. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात आमचे जुने घर आहे. भिंती दगडमातीच्या, छपराचा मोठा भाग मंगलोरी कौलांचा, मागच्या पडवीवर पत्रे आणि धान्याच्या खोलीत शहाबादी फरशी, असे त्याचे स्वरूप आहे. यंदाच्या उन्हाळ्यापासून मी आईसोबत येथे कायमची राहायला आले असून, पावसाळ्यानंतर घर पुन्हा मार्गी लावण्याचे काम प्रथमच माझ्याकडे आले आहे.

पाऊस थांबला आहे, आभाळ निवळले आहे, दुपारचे ऊन तर अंगाला चटके देते. तरीही घर काही केल्या कोरडे होत नाही. सकाळी आठच्या सुमारास धान्याच्या खोलीची खिडकी उघडली की तासाभरात फरशीवर पाण्याचा पातळ थर धरतो आणि त्यावर पावलांचे ठसे उमटतात. कपाटातील चादरींना कुबट वास येतो. भिंतींचे खालचे दोन-अडीच फूट अजून ओलसर असून तेथे पांढरी पूड सुटते. पडवीतील पत्र्यांखाली पहाटे थेंब पडतात, जणू आदल्या रात्री पाऊस झाला असावा. आईला सकाळी उठल्यावर शिंका येतात आणि घसा धरतो.

अंगणात सोयाबीन आणि भुईमूग वाळत आहेत. दिवाळीपूर्वी भिंतींना ऑइल पेंट द्यावा, असे रंगाऱ्याने सुचवले आहे. खिडक्या केव्हा उघडाव्यात, धान्य केव्हा पसरावे व केव्हा भरावे, आणि रंगाचे काम आताच करावे की थांबावे, याबद्दल अशा घरात राहणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: माळावरचा_वारा

आपण फरशीबद्दल लिहिलेले निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण आपल्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारित केलेल्या सरासरी तारखांनुसार मॉन्सूनची माघार पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते, मुंबईतून तो साधारण ८ ऑक्टोबरला निघतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत संपूर्ण देशातून परततो. त्यानंतर आभाळावरचे ढगांचे पांघरूण दूर होते. दिवसा ऊन थेट जमिनीवर पडते, जमीन मात्र अजून पाण्याने भरलेली असते, त्यामुळे तिच्यातून सतत बाष्प निघत राहते; ऑक्टोबरचा उकाडा एवढा अंगावर येतो तो यामुळेच. रात्री याच्या उलट घडते. ढग नसल्याने जमिनीची, पत्र्याची आणि गवताच्या पात्यांची उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून जाते आणि वारा पडलेला असेल तर या वस्तू आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतात. दव पडते ते अशा वस्तूंवर.

आता थोडे आकडे पाहू. दुपारी ३२ अंश सेल्सिअसच्या हवेत प्रत्येक घनमीटरमागे जास्तीत जास्त सुमारे ३४ ग्रॅम बाष्प मावते. पहाटे तीच हवा १८ अंशांवर आली की तिच्यात जेमतेम १५ ग्रॅम मावते. याचा अर्थ असा की, दुपारी ४५ टक्के आर्द्रता असलेली, अंगाला कोरडी वाटणारी हवा तेवढ्याच बाष्पासह पहाटे पूर्ण संपृक्त होते. हवेतले पाणी तेवढेच राहते. तापमान उतरल्यामुळे ते आता चादरीत, धान्यात आणि भिंतीच्या गिलाव्यात शिरू पाहते.

सकाळी आठ ते साडेनऊ हा काळ तर सर्वांत फसवा असतो. ऊन चढू लागते, गवतावरचे दव उडू लागते आणि जमिनीलगतच्या हवेत बाष्पाचे प्रमाण झपाट्याने वाढते. आपली शहाबादी फरशी मात्र रात्रभर गार झालेली असते. अशा वेळी खिडकी उघडली की ती दमट हवा खोलीत येते, फरशीला टेकून थंड होते आणि तिच्यातले पाणी तेथेच उतरते. म्हणजे ते पाणी फरशीखालून येत नसून बरेचसे आपण उघडलेल्या खिडकीतून येत आहे. खात्री करायची असल्यास एक दिवस ती खिडकी दहा-साडेदहापर्यंत बंद ठेवून पाहावी. तरीही फरशी ओली झाली, तर जमिनीतून ओल चढते आहे असे समजून त्याचा वेगळा विचार करावा.

म्हणून धान्याची खोली आणि कपाटे असलेली खोली अंगणातले गवत पूर्ण सुकल्यानंतर उघडावी, दुपारभर समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळू द्यावा आणि चार-साडेचारला बंद करावी. या सहा तासांत घरातून जेवढी ओल बाहेर पडते, तेवढी दिवसरात्र खिडक्या उघड्या ठेवूनही पडत नाही, कारण रात्री तीच ओल पुन्हा आत येते. सुमारे दोनशे रुपयांपासून मिळणारा साधा आर्द्रतामापक त्या खोलीत टांगून ठेवल्यास आपल्याला अंदाजावर अवलंबून राहावे लागणार नाही. आतली आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशीला फावते, एवढे लक्षात ठेवावे.

उत्तर: कणगी

ताई, वरील उत्तरात सांगितलेल्या वेळा आम्ही लहानपणापासून पाळत आलो आहोत, फक्त त्यामागचे आकडे आम्हाला ठाऊक नव्हते. माझ्या सासूबाई अंगणातल्या गवतावरून अनवाणी चालत जात आणि पाय कोरडा राहिला तरच धान्याची ताडपत्री उघडू देत. माझ्या मते ही खूण घड्याळापेक्षा भरवशाची आहे, कारण ओढ्याकाठच्या घरी दव उशिरा उडते आणि माळावरच्या घरी लवकर.

धान्य थेट जमिनीवर पसरू नका, कारण खालची माती अजून ओली आहे आणि वरून वाळलेला दाणा खालून पाणी पीत राहतो. ताडपत्रीवर दोन-तीन बोटांपेक्षा जाड थर ठेवू नये आणि तासातासाने पाय फिरवून दाणे खालीवर करावेत. ऊन कलू लागले की, म्हणजे साधारण चार वाजता, रास करून झाकून टाकावे. पुष्कळ जण ऊन आहे तोवर धान्य पसरलेले ठेवतात आणि दिवेलागणीला गोळा करतात; तोपर्यंत दवाला सुरुवात झालेली असते आणि दिवसभराच्या श्रमाचे निम्मे फळ वाया जाते.

सूर्य चित्रा नक्षत्रात आला तरी आपल्याकडे दुपारनंतर अचानक ढग जमून विजांसह पाऊस होतो, तेव्हा धान्य बाहेर असताना घरात एक तरी माणूस असावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. आमच्याकडे आता ते सर्वांच्या मोबाइलमध्ये आहे. गडगडाट ऐकू येऊ लागला तर धान्य भिजले तरी चालेल, पण अंगणात किंवा झाडाखाली थांबू नये.

दाणा वाळला की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत सांगते. काचेची कोरडी बाटली घ्यावी, तिच्यात मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घालून झाकण घट्ट लावावे, चांगले हलवावे आणि दहा-पंधरा मिनिटे ठेवून द्यावे. मीठ काचेला चिकटले तर धान्यात ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, असे धरून चालावे आणि आणखी ऊन द्यावे. मीठ मोकळे राहिले तरी सोयाबीन लगेच पोत्यात भरू नये. साठवणीसाठी ओलावा १२ टक्क्यांपर्यंत खाली यावा लागतो, हमीभावाच्या खरेदी केंद्रावरही एरवी हीच मर्यादा पाहतात, आणि ते माप मात्र यंत्रावरच कळते. तालुक्याच्या बाजार समितीत नेऊन ते मोजून घ्या. भुईमुगाची शेंग हलवल्यावर आत दाणा खुळखुळला पाहिजे आणि दाण्याचे साल दोन बोटांत चोळल्यावर सुटले पाहिजे.

ऊन दिलेले धान्य गरम असताना कोठीत भरू नका. सावलीत पूर्ण गार होऊ द्या. पत्र्याच्या कोठीत गरम धान्य भरले की रात्री पत्रा थंड होतो, आतली वाफ झाकणाखाली पाणी होऊन बसते आणि वरचा थर बुरसतो. पोती असतील तर खाली लाकडी फळ्या घालाव्यात आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. भुईमुगावर किंवा मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी दिसली तर ते दाणे निवडून जनावरांना किंवा कोंबड्यांना घालण्याची पद्धत सोडून द्या. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते उन्हाने जात नाही आणि शिजवल्यानेही पुरते नाहीसे होत नाही. दुभत्या जनावराने खाल्ले तर त्याचा अंश दुधात उतरतो. असे दाणे पुरून टाकावेत.

ओसरी

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. आज खिडकी साडेदहाला उघडली आणि फरशी कोरडी राहिली. एक शंका आहे. रात्री सर्व खिडक्या बंद केल्या तर आईला गुदमरल्यासारखे होते. घरात दुपारची उष्णता साठलेली असते. तिची खोलीही बंदच ठेवावी का?

उत्तर: पडवी_आणि_परस

आईंची खोली बंद ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या बाबतीत मी पहिल्या उत्तरापेक्षा थोडा वेगळा विचार करतो. ज्या खोलीत माणसे झोपतात तेथे श्वासावाटेच रात्रभर बाष्प बाहेर पडत असते; ती खोली घट्ट बंद केली तर ओल आतल्या आत वाढते आणि हवा कोंदट होते. झोपण्याच्या खोलीची वरची झडप किंवा अर्धी खिडकी बारीक जाळी लावून उघडी ठेवावी, मात्र त्या खोलीत धान्य, जादा अंथरुणे आणि कपड्यांची कपाटे ठेवू नयेत. दव धान्यात आणि कापसात शिरते म्हणून त्या खोल्या बंद ठेवायच्या, एवढाच त्या नियमाचा अर्थ आहे.

शिंकांबद्दलही लिहितो. गोधड्या आणि गाद्या पावसाळाभर ओल धरून बसतात व त्यांत बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. घटस्थापनेपूर्वी सगळ्या गोधड्या धुण्याची आपल्याकडची चाल याच दिवसांत येते आणि ती आरोग्याच्या दृष्टीने अतिशय योग्य आहे. धुणे राहिले असेल तर निदान दोन-तीन दुपारी कडक ऊन द्यावे, काठीने झोडपून घ्यावे आणि चारच्या आत घरात आणावे. झोडपण्याचे काम आईंना करू देऊ नये.

घराभोवती गाजर गवत आहे का, हेही पाहावे. पावसाळ्याच्या अखेरीस ते पांढऱ्या फुलांनी भरते आणि त्याच्या परागकणांनी कित्येकांना शिंका, दमा व अंगावर खाज असा त्रास होतो. हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून ते मुळासकट उपटावे. फुले येण्याआधी उपटले तर पुढच्या वर्षीचे बी पडत नाही. एवढे करूनही त्रास टिकला तर डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर: चुनखडी

रंगाच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही आणि त्यातच पैसे वाया जाण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो.

दगडमातीची भिंत जमिनीतले पाणी वर ओढते आणि ते पृष्ठभागावरून हवेत सोडत राहते. पाण्यासोबत विरघळून आलेले क्षार पाणी उडाल्यावर मागे राहतात. आपल्याला दिसलेली पांढरी पूड म्हणजे हाच लोणा. भिंतीतून पाणी बाहेर पडते आहे याचीच ती खूण आहे, म्हणून तिला घाबरण्याचे कारण नाही. कोरड्या ब्रशने ती झाडून काढावी, पाण्याने धुऊ नये, कारण धुतली की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. खरा धोका तेव्हा निर्माण होतो, जेव्हा अशा भिंतीवर ऑइल पेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढवून तिची वाट बंद केली जाते. पाणी अडल्यामुळे ते आणखी वर चढते आणि जी ओल दोन फुटांवर होती ती चार फुटांवर दिसू लागते. रंगाला फोड येतात, क्षार रंगामागे साठतात आणि पहिल्या उन्हाळ्यातच पापुद्रे गळू लागतात. रंगाऱ्याचा हेतू चांगला असेल, परंतु या भिंतीसाठी हा सल्ला मी स्वीकारणार नाही.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे तपासण्यासाठी हातभर लांबीरुंदीचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्यावा आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून तो भिंतीवर घट्ट बसवावा. लोणा झाडून जागा आधी साफ करावी, नाहीतर पट्टी धरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे: प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीतून येत आहे, आणि घराकडच्या बाजूला थेंब असतील तर ती हवेतली आहे. एक तुकडा खाली फूटभर उंचीवर आणि दुसरा छातीच्या उंचीवर लावला तर फरक ठळकपणे कळतो.

जाड भिंत महिन्याला साधारण इंचभर खोलीपर्यंत सुकते, असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. दोन्ही बाजूंनी सुकणारी दीड फुटाची भिंतसुद्धा या हिशेबाने दिवाळीपर्यंत कोरडी होणे शक्य नाही. म्हणून यंदा चुन्याची सफेदी करावी. चुना भिंतीचा श्वास अडवत नाही, किंचित ओलसर भिंतीवर तो अधिक चांगला धरतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. चुनकळी आदल्या दिवशी भिजवून, विरलेला चुना गाळून, पातळ हात द्यावेत. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात नेहमीच चांगले. चुना विरताना उकळी फुटते आणि थेंब डोळ्यात गेल्यास इजा होते, तेव्हा चष्मा घालावा आणि मुलांना दूर ठेवावे. डिस्टेंपर द्यायचाच असेल तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबावे.

भिंतीच्या बाहेरच्या बाजूचेही पाहावे. पागोळ्यांचे पाणी जेथे पडते तेथे पावसाळाभरात माती उडून भिंतीवर शिंतोडे बसलेले असतात, तर काही ठिकाणी वाहून आलेली माती पायाशी साचून जोत्याच्या वर चढलेली असते. ही साचलेली माती आताच काढून उतार घराबाहेर करून घ्यावा. कौलांच्या गळतीचे डाग अजून ताजे आहेत, म्हणून प्रत्येक डागाभोवती खडूने रेघ ओढून तारीख लिहून ठेवावी. कौले शाकारायला मे महिन्यात माणसे येतील तेव्हा डाग पुसट झालेले असतात आणि नेमके कौल कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही.

उत्तर: टेकडीपलीकडे

मी ग्रामीण भागात आरोग्यसेवेत आहे. ओल आणि धान्य यांच्याइतकीच याच दिवसांशी जोडलेली एक बाब येथे सुटते आहे.

अंगणात धान्य आले की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. कापणीच्या हंगामात सर्पदंशाचे रुग्ण वाढलेले आम्ही दरवर्षी पाहतो. घोणस आणि फुरसे यांचा दंश लगेच जाणवतो, कारण वेदना व सूज येते. मण्यार मात्र रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा झोपमोडही होत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होऊन मिटणे, बोलताना जीभ अडखळणे अशी लक्षणे दिसली तर अंगावर दंशाची खूण सापडली नाही तरी वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावे. दंशाच्या जागी कापू नये, घट्ट बांधू नये, रुग्णाला चालवू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालते, त्यामुळे साप मारून सोबत आणण्याची गरज नसते.

उकाड्यामुळे ओसरीवर चटई टाकून झोपण्याचा मोह या दिवसांत होतो. त्याऐवजी खाट वापरावी आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. सरपण व शेणी घराच्या भिंतीला लागून रचू नयेत आणि त्यांत हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे.

डासांचे म्हणाल तर डेंग्यूचा डास घराजवळच्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यामागे हाच हिशेब आहे. मात्र भांडी नुसती पालथी घालून काम होत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून रांजण, हौद आणि जनावरांची डोण आतून ब्रशने घासून घ्यावी लागते. पडवीच्या पत्र्यांवरून ओघळणारे दव ज्या बादलीत किंवा टायरमध्ये जमते, तेही पाहावे.

ओसरी

पत्र्यांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. त्या थेंबांखालीच आमच्या शेणी आणि गुरांचा कडबा आहे. पत्रे बदलणे यंदा शक्य नाही. काही उपाय आहे का? चुन्याचे आम्ही ठरवले आहे. रंगाऱ्याला तसे कळवले.

उत्तर: माळावरचा_वारा

पत्रे बदलण्याची आवश्यकता नाही. थेंब आतल्या बाजूने सुटतात, म्हणजे पडवीतली दमट हवा थंड पत्र्याला लागून पाणी होते आहे. वरून गवताचा किंवा उसाच्या पाचटाचा वीतभर थर पसरून दोरीने बांधला तर पत्रा रात्री एवढा थंड होत नाही आणि दुपारी तापतही नाही. मात्र चुलीचे धुराडे जवळ असल्यास हा उपाय करू नये, आणि उंदीर किंवा साप त्यात घर करत नाहीत ना, हे अधूनमधून पाहावे. ते जमत नसेल तर पत्र्याखाली वीतभर अंतर ठेवून, उतार देऊन ताडपत्री ताणून बांधावी, म्हणजे थेंब तिच्यावर पडून कडेला ओघळतील.

पडवीत पाण्याचे पिंप असेल तर ते झाकून ठेवावे किंवा बाहेर न्यावे, आणि ओली वैरण संध्याकाळनंतर तेथे ठेवू नये. कडबा भिजलेला असेल तर त्यातल्या पेंढ्या सोडून दुपारच्या उन्हात उभ्या कराव्यात आणि काळे पडलेले ताट जनावरांपुढे टाकू नये. उत्तरेकडून कोरडा वारा सुरू झाला की, साधारण नोव्हेंबरच्या मध्यानंतर, हे थेंब बरेच कमी होतील. तोवर ताडपत्रीचा उतार जनावरांच्या बाजूला नसावा, एवढे बांधताना पाहावे.